सात कोलांट्या आणि एक वळण
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सबमिशन दोन दिवसांवर आलं की होस्टेलच्या कॉमन रूममध्ये सगळ्यात जास्त गर्दी होते, हा आपल्याकडचा जुना नियम. त्या नियमाला धरूनच गेल्या सत्रात एका रात्री आम्ही तीस-पस्तीस जण 'कॅसिनो रोयाल' बघत बसलो होतो. अंधारात बाँड गाडी सुसाट हाणतोय, अचानक रस्त्याच्या मधोमध हातपाय बांधून टाकलेली नायिका दिसते, बाँड स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी कोलांट्या खात सुटते. एक, दोन, तीन... कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं. सातवर मोजणी थांबली आणि नेहमीचा वाद सुरू झाला. "सगळं ग्राफिक्स आहे रे!" "नाही, खरी गाडी आहे." शेवटी कॉम्प्युटरवाल्या एकाने दोन वडापावची पैज लावली.

मी गप्प होतो. माझं गाव मोखाडा तालुक्यात. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, त्याच्या पुढे मोखाडा, आणि तिथून त्र्यंबकेश्वरकडे जायचं तर तोरंगण घाट. खाली विक्रमगडकडे उतरायचं तरी वळणंच. गाडी उलटते म्हणजे काय होतं हे मला पडद्यावर बघायची गरज नव्हती. पण ते नंतर. आधी पैजेचं सांगतो.

पैज कॉम्प्युटरवाला हरला. ती गाडी खरी होती, आत माणूसही खरा होता. २००६ साली इंग्लंडमधल्या मिलब्रुक चाचणी मार्गावर ॲडम कर्ली नावाच्या स्टंटमनने ॲस्टन मार्टिन डीबीएस पूर्ण सात वेळा लोळवली आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण यातली खरी गंमत वेगळीच आहे. ती गाडी उलटतच नव्हती! आधी रस्त्यावर छोटा रॅम्प ठेवून एका बाजूची चाकं वर उचलून पाहिली, तरी गाडी हट्टाने परत चाकांवर येऊन उभी राहायची. शेवटी गाडीच्या तळाशी नायट्रोजनवर चालणारी तोफ बसवली. बटण दाबलं की दाबाखालचा वायू एक दट्ट्या जोरात जमिनीवर आपटतो आणि गाडीची एक बाजू वर उसळते. म्हणजे ताशी शंभराच्या वर वेगाने धावणारी गाडी उलटवायला चक्क तोफ लागली.

हे वाचल्यावर मी त्या रात्री नीट झोपलो नाही. का, ते लेखाच्या शेवटी कळेल. तोपर्यंत हेरपटांतल्या गाड्यांकडे जरा मेकॅनिकलच्या चष्म्यातून बघू. नुसतं "काय भारी गाडी आहे" म्हणायला मेकॅनिकलला येण्याची गरज नाही.

सुरुवात अर्थातच ॲस्टन मार्टिन डीबी ५ पासून. इयान फ्लेमिंगच्या १९५९ च्या 'गोल्डफिंगर' कादंबरीत बाँडकडे डीबी मार्क ३ होती. १९६४ मध्ये चित्रपट आला तेव्हा कंपनीची नवी गाडी डीबी ५ घेतली. चार लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन. कला दिग्दर्शक केन ॲडम आणि स्पेशल इफेक्ट्सवाले जॉन स्टिअर्स यांनी त्यात काय काय बसवलं: फिरत्या नंबरप्लेट, पुढच्या दिव्यांमागे मशीनगन, मागच्या काचेवर वर येणारी गोळीरोधक ढाल, धुराचा पडदा, तेलाची फवारणी, चाकातून बाहेर येऊन शेजारच्या गाडीचं टायर फाडणारं पातं आणि शेजारच्या माणसाला छतातून बाहेर उडवणारी सीट. हे टायर फाडण्याचं दृश्य स्वित्झर्लंडमधल्या फुर्का खिंडीच्या नागमोडी रस्त्यावर चित्रित झालं आहे. आमच्याकडच्या माणसाला तो रस्ता बघून परकं वाटत नाही. फक्त तिथे कठडे धड आहेत.

या गाडीत आणखी एक यंत्र होतं, ज्याकडे आज कुणी ढुंकूनही बघणार नाही. डॅशबोर्डवर नकाशा आणि त्यावर सरकणारा एक ठिपका. १९६४ च्या प्रेक्षकाला ती जादू वाटली असेल. आज तो ठिपका आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. (आमच्या काही पाड्यांवर मात्र ठिपक्याला रेंज मिळेपर्यंत माणूस चालत घरी पोचतो.) १९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज'मध्ये बाँड मागच्या सीटवर बसून मोबाईलवर बोट फिरवत बीएमडब्ल्यू चालवतो. तिथेही खरी गोष्ट साधी होती. ड्रायव्हर आत लपवला होता आणि तो छोट्या पडद्यावर बघून गाडी हाकत होता. 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) मधली पाणबुडी होणारी पांढरी लोटस एस्प्रि घ्या. पाण्याखाली चालणारं तिचं कवच फ्लोरिडातल्या एका पाणबुड्या बनवणाऱ्या कंपनीने तयार केलं. पण आत कोरडं नव्हतंच! आत पाणी भरलेलं असायचं आणि चालवणारा पाणबुड्याच्या पोशाखात, पाठीला हवेची टाकी लावून बसायचा. हीच लोटस २०१३ च्या लिलावात इलॉन मस्क यांनी घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्या महाराष्ट्राचा काय संबंध? आहे! जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. मुख्यालय मुंबईत, मोठा कारखाना पिंपरी-चिंचवडला, अशी ही कंपनी. फोर्डने ॲस्टन मार्टिन त्याआधीच २००७ मध्ये विकली होती, तीही टाटांकडे आली असती तर काय, असं मनात येतं. पण आपल्या वाट्याला बाँडची गाडी आली नाही, बाँडच्या पाठीमागे लागणाऱ्यांच्या गाड्या आल्या. 'स्पेक्टर' (२०१५) मध्ये रोमच्या रस्त्यांवर बाँडच्या ॲस्टन मार्टिन डीबी १० चा पाठलाग करणारी नारिंगी गाडी आठवते? ती जॅग्वार सी-एक्स ७५. २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात ती आली तेव्हा तिच्यात चार विजेच्या मोटारी आणि बॅटरी भरायला दोन छोट्या गॅस टर्बाइन होत्या. पुढे टर्बाइन गेल्या, संकरित इंजिन आलं, आणि २०१२ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. चित्रपटातल्या स्टंटसाठी बनवलेल्या गाड्यांत मग नेहमीचं व्ही-८ पेट्रोल इंजिन घातलं. प्रोजेक्टचं फायनल प्रेझेंटेशन आणि प्रत्यक्ष मॉडेल यांत असा फरक आपल्याकडेही पडतो, तेव्हा फार हसू नये.

'स्कायफॉल' (२०१२) च्या सुरुवातीचा तुर्कस्तानातला पाठलाग मला जास्त जवळचा. तिथे मनीपेनी लँड रोव्हर डिफेंडर चालवताना दिसते. प्रत्यक्षात काही दृश्यांत खरा ड्रायव्हर टपावर बसवलेल्या सांगाड्यात होता, स्टिअरिंगसकट! म्हणजे बाँडपटातही माणूस टपावर बसतो. आमच्या जीपचा टप बघितलेल्या माणसाला यात नवीन एवढंच की ड्रायव्हरही वर.

आता माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ स्टंट. 'द मॅन विथ द गोल्डन गन', १९७४. थायलंडमधला एक कालवा, मोडका पूल, आणि एएमसी हॉर्नेट नावाची साधी अमेरिकन गाडी हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. संगीतकारांनी त्यावर शिट्टीचा आवाज टाकून त्याचा विनोद करून टाकला, हे दुर्दैव. पण ती उडी आधी कॉम्प्युटरवर घेतली गेली होती, आणि तीही १९७० च्या आसपासच्या कॉम्प्युटरवर! अमेरिकेतल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली, कठड्याला धडकली, तर ती कशी वागेल ते काढायला. रेमंड मॅकहेन्री यांनी त्याच प्रोग्रामवर या गिरकीचं गणित बसवलं. १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ही उडी लोकांसमोर झाली, मग चित्रपटात. वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १८ मीटर. गाडी हवेत पाऊण ते एक सेकंद. तेवढ्या वेळात बरोबर ३६० अंश फिरायचं. कमी फिरली तर कुशीवर पडणार, जास्त फिरली तर दुसऱ्या कुशीवर. त्यासाठी चढणीचा रॅम्प पिळलेला होता, एका बाजूच्या चाकांना जास्त उचलणारा. आणि गाडीचं वजन दोन्ही बाजूंना सारखं राहावं म्हणून स्टिअरिंग मधोमध आणून ड्रायव्हरलाही मधोमध बसवलं. चित्रपटासाठी उडी एकदाच मारली, एकाच टेकमध्ये जमली.

एका माणसाचं वजन अर्धा मीटर डावीकडे की उजवीकडे, याने फरक पडतो म्हणून स्टिअरिंग हलवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण जव्हार स्टँडवर येतोय.

गाडी वळणावर उलटते कधी? थर्ड इयरला हे एका पानात होतं. वळताना गाडीला बाहेरच्या बाजूला ढकलणारा जोर गुरुत्वमध्यापाशी लागतो, आणि टायर जमिनीला धरून ठेवतात ते खाली. या दोन्हींमुळे गाडी बाहेरच्या चाकांवर कलू बघते. तिला परत बसवतं ते तिचं स्वतःचं वजन. म्हणून चाकांमधलं अंतर जितकं जास्त आणि गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी पक्की. दोन डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. जो आकडा येतो तो स्थिरतेचा गुणांक. अमेरिकेतली एनएचटीएसए ही सरकारी संस्था २००१ पासून गाड्या उलटण्याच्या धोक्याचं मानांकन याच आकड्यावरून द्यायला लागली. साध्या कारला तो १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांना १ ते १.३. बाँडच्या डीबीएससारख्या जमिनीला चिकटलेल्या गाडीला त्याहून कमी येणार नाही.

आता हा आकडा टायरच्या घर्षणांकाशी ताडून बघायचा. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.८ धरू. गुणांक ०.८ पेक्षा मोठा असेल तर वेग वाढल्यावर आधी टायर सुटतात, गाडी घसरते, पण उलटत नाही. गुणांक लहान असेल तर टायर सुटायच्या आधीच गाडी उलटते. डीबीएसला तोफ का लागली ते आता कळलं असेल. सपाट रस्त्यावर टायर तिला उलटवण्याइतकी पकड देऊच शकत नव्हते.

मग मी आमच्या गावाकडच्या जीपचा हिशोब मांडला. जीप म्हणजे स्टँडवरून माणसं भरून नेणारी, नऊ सीटची, आणि नऊ माणसांवर कधीच न सुटणारी. सुट्टीत टेप लावून मोजलं. चाकांमधलं अंतर १.४ मीटर. गुरुत्वमध्य काही घरी मोजता येत नाही, पण आत माणसं भरल्यावर ०.७५ मीटर धरायला हरकत नाही. आतल्या माणसांसकट वजन २००० किलो धरलं. गुणांक येतो ०.९३. म्हणजे काठावर पास. कोरड्या रस्त्यावर ही गाडीही आधी घसरेल, मग उलटेल.

आता टपावर सहा माणसं बसवा. प्रत्येकी ६० किलो, एकूण ३६०. बसलेल्या माणसाचा मध्य जमिनीपासून २.२ मीटरवर. २००० गुणिले ०.७५, अधिक ३६० गुणिले २.२, भागिले २३६०. नवी उंची ०.९७ मीटर, गुणांक ०.७२. वजन वाढलं अठरा टक्के, पण गाडीची जातच बदलली! काल घसरणारी गाडी आज उलटणारी झाली. आणि ड्रायव्हरला हे कळत नाही, कारण घसरणारी गाडी आधी टायरचा आवाज करते, स्टिअरिंग हलकं लागतं. उलटणारी गाडी तसली कसलीही सूचना देत नाही.

वळणाची त्रिज्या काढायला फर्स्ट इयरचं सर्व्हेइंग कामी आलं. वळणाच्या आतल्या कडेवर २० मीटर दोरी ताणली, दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं, पावणेचार मीटर. दोरीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक त्या अंतराचं निम्मं. आलं १५ मीटर. अशा वळणावर टप रिकामा असेल तर जीप ताशी ३९ किलोमीटरला घसरायला लागते, उलटायला ४२ लागतात. टपावर सहा जण असतील तर ३७ ला उलटते. आणि हे अगदी उदार गणित आहे. स्प्रिंगा दबतात, गाडी बाहेरच्या अंगाला कलते, टपावरची माणसंही त्याच बाजूला झुकतात. म्हणजे खरा आकडा ३७ च्या खालीच. (पावसात घर्षणांक निम्मा झाला तर सगळ्याच जीपा २८ च्या आसपास घसरतात. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.)

हे वळण मी उगीच निवडलं नव्हतं.

मी अकरावीत होतो. काकांची जीप होती आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर किन्नर म्हणून जायचो. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मं गाव वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातं, भिवंडी-वसईकडे. होळीला सगळे परत येतात. होळीच्या आदल्या संध्याकाळी स्टँडवर जी गर्दी असते ती सांगून समजायची नाही. गाठोडी, पोरं, कोंबड्या, आणि सगळ्यांना आजच घरी पोचायचंय. एसटी गच्च भरून गेली होती. काकांची जीप भरली, आत तेरा. तरी माणसं उभीच. मी मागच्या शिडीवर एक पाय ठेवून ओरडत होतो, "वर या, वर जागा आहे!" सहा जण चढले.

त्या वळणावर जीप डोंगराच्या अंगाच्या चरात कुशीवर पडली. बाहेरची बाजू दरीची असती तर हा लेख लिहायला मी नसतो. मी उडी मारली की फेकला गेलो, ते आजही सांगता येत नाही. कुणी मेलं नाही. टपावरचे सहाही जण जखमी. त्यात आमच्या शेजारचे एक काका होते, त्यांचा उजवा हात कोपरातून मोडला. तो आता सरळ होत नाही. आवणी लावताना ते डाव्या हाताने रोपं लावतात.

गावात ठरलं ते एकच. काकाने गाडी जोरात हाणली. कुणी म्हणालं सत्तर, कुणी ऐंशी. कुणी पिऊन होता म्हणालं, ते तर साफ खोटं. काका एवढंच म्हणत राहिले, "काटा चाळिशीच्या आत होता रे." त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही ठेवला नाही. चाळिशीच्या आत गाडी उलटते होय? मी बाजूने बोललो नाही, गप्प राहिलो. आणि माझ्या "वर या"बद्दल तर कुणी मला विचारलंच नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १२३ खाली टपावर माणूस बसवायला बंदी आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या संध्याकाळी मी ओरडलोच असतो, असं वाटतं.

म्हणून त्या रात्री कॉमन रूममधून आल्यावर झोप लागली नाही. एक गाडी उलटवायला नायट्रोजनची तोफ, आणि एक गाडी उलटवायला सहा माणसं न् माझी हाक.

दिवाळीच्या सुट्टीत गणिताचा कागद घेऊन घरी गेलो. काकांना ओट्यावर बसवून सगळं समजावलं. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते कळायला मातीची घागर घेतली, रिकामी आणि डोक्यावर दगड ठेवलेली. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं, वीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. सदतीसचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "शेजारी जाऊन दाखव."

गेलो. शेजारच्या काकांनी कागद डाव्या हातात धरून पाहिला. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मी परत सगळं सांगितलं. माझी हाक पण सांगितली. ते म्हणाले, "हां, तुझाच आवाज होता तो. जागा होती म्हणून चढलो." आणि चहा ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी काकांनी जीप वेल्डिंगवाल्याकडे नेली आणि मागची शिडी कापून टाकली. होळीला मी परत गेलो तेव्हा स्टँडवर जीप उभी होती. आत चौदा माणसं. शिडी नाही म्हणून दोन पोरं स्टेपनीवर पाय देऊन टपावर चढत होती आणि काका खाली उभे राहून त्यांचे पाय धरून ओढत होते.